किडनीचं तीन भागांचं मॉडेल: नेफ्रॉनसाठी घ्या, निळ्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नका

देवगड तालुक्यातल्या एका हायस्कूलात मी विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतला किडनीचा जुना तक्ता वाळवीने खाल्ला, म्हणून प्लॅस्टिकचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. लाकडी पाटावर तीन तुकडे: उभी कापलेली किडनी, एक मोठा करून दाखवलेला नेफ्रॉन, म्हणजे किडनीतली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी, आणि त्याहून मोठा ग्लोमेरुलस, म्हणजे त्या नळीच्या तोंडाशी असलेला बारीक रक्तवाहिन्यांचा गुंतवळा. पार्सल कणकवलीपर्यंत वेळेत आलं, पुढे घाट नसतानाही रखडलं. थर्माकोल भरपूर होता, तरी किडनीच्या डोक्यावरची अधिवृक्क ग्रंथी सुटून आली होती. फेविक्विकने बसली.

पहिला तुकडा ठीक. बाहेरचा वल्क, आतले पिरॅमिड, मूत्रवाहिनीचं नसराळं, सगळं जागेवर आहे. यासाठी एवढे पैसे कशाला, मटणाच्या दुकानातून बोकडाचा गुर्दा आणून उभा कापला तरी चालेल, असं आमच्या एका सरांचं म्हणणं. मुलं ते जास्त आवडीने बघतात हे खरंच. पण बोकडाच्या गुर्द्यात माणसासारखे वेगवेगळे पिरॅमिड दिसत नाहीत, सगळे एकाच कडेत मिसळलेले असतात. तेवढ्यापुरतं मॉडेल सरस.

पैसे वसूल होतात ते दुसऱ्या तुकड्यात. नेफ्रॉनची नळी कपासारख्या बोमन संपुटापासून निघते, वेडीवाकडी होते, मग सरळ खाली उतरून हेन्लेचं वळण घेऊन परत वर येते. हे वळण किडनीच्या आतल्या भागात किती खोल जातं ते बोटाने फिरवून दाखवता येतं. तक्त्यावर ती नुसती रेघ असते. अशा साधारण दहा लाख नळ्या एकेका किडनीत असतात, हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता होते ती मला फार आवडते.

आता तक्रार, आणि ती किरकोळ नाही. ग्लोमेरुलसमध्ये रक्त आणणारी धमनिका (बारीक धमनी) लाल रंगवली आहे आणि रक्त बाहेर नेणारी निळी. म्हणजे बघणारा मूल हमखास म्हणणार, ‘ही शीर.’ ती शीर नाहीच! बाहेर पडणारी वाहिनीसुद्धा धमनिकाच, तिच्यातलं रक्त अजून ऑक्सिजनवालंच. रक्ताने तो ऑक्सिजन पेशींना द्यायचा असतो पुढच्या केशिकांच्या जाळ्यात, या नळ्यांच्या भोवती. त्यावर कडी म्हणजे दोन्ही वाहिन्या सारख्याच जाडीच्या केल्यात. सगळी गंमत तर तिथेच आहे. आणणारी रुंद आणि नेणारी अरुंद, म्हणून मधल्या गुंतवळ्यात दाब चढलेला राहतो आणि त्या दाबानेच पाणी, मीठ, साखर, युरिया गाळून संपुटात उतरतात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं मागे राहतात. मॉडेल बनवणाऱ्याने पाठ्यपुस्तक उघडलं असतं तरी हे कळलं असतं.

दुसरी उणीव अशी, की नळी आरंभापासून शेवटपर्यंत एकाच पिवळ्या रंगाची आहे. त्यामुळे किडनी म्हणजे चाळणी आणि चाळणीतून पडलं ते मूत्र, असा समज होतो. मी मॉडेलशेजारी फळ्यावर 180 लिटर लिहिते. दिवसभरात दोन्ही किडन्या मिळून एवढं गाळतात: 20 लिटरचे पाण्याचे नऊ जार. लघवी होते सुमारे दीड लिटर. उरलेलं नळीने रक्तात परत घेतलं. त्यातलं दोन तृतीयांशाच्या आसपास पहिल्या वेड्यावाकड्या भागातच परत जातं, आणि साखर तर तिथेच जवळजवळ सगळी. रक्तातली साखर दर 100 मिलिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की मात्र नळीला ती आवरत नाही, लघवीत उतरते. हापूसच्या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या आजोबांचा विषय इथे निघतोच.

मे महिन्यात होडीवर जाणाऱ्या घरातल्या मुलांना लघवी पिवळीजर्द का होते हे विचारायची गरजच नसते, ते स्वतःच सांगतात. घाम गेला की मेंदूतून एडीएच हे पाणी राखून ठेवणारं संप्रेरक सुटतं, शेवटच्या नळीतून पाणी जास्त ओढून घेतलं जातं, लघवी कमी आणि दाट. एकाने लगेच विचारलं, “बाई, किडनी इतका मीठ भायर टाकता, मगे दर्याचा पाणी पियाक काय हरकत?” प्रश्न अस्सल. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ. आपली किडनी इतकी खारट लघवी करूच शकत नाही, म्हणून ते मीठ बाहेर काढायला प्यायलेल्या लिटरहून जास्त पाणी खर्ची पडतं. तहान आणखी वाढते. हे मॉडेलवर कुठेच नाही, पण हेन्लेचं वळण हातात धरून सांगता येतं, आणि एवढं सांगता येणं माझ्यासाठी पुरेसं आहे.

आपल्याकडच्या हवेसाठी सूचना: पाट प्लायवूडचा आहे, पावसाळ्यात फुगतो, आणि स्क्रू गंजतात. आल्याबरोबर कडांना वॉर्निश मारा, स्क्रू स्टीलचे बदला. नावं इंग्रजीत आकड्यांच्या यादीत येतात, मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या.

पाचपैकी साडेतीन तारे. विक्रेत्याला निळ्या रंगाचं कळवलं, तर उत्तर आलं, “मॅडम, सगळ्या शाळांना असाच माल जातो.” म्हणून दीड तारा कापला. ती वाहिनी ॲक्रिलिकचा लाल रंग घेऊन स्वतःच रंगवा, दोन हात लागतात, एका हातात खालचा निळा दिसत राहतो.