कानडी पाटीखालचे ताट

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर, एका गल्लीच्या तोंडाशी असलेली ही लिंगायत खानावळ मी गेली वीसेक वर्षे बाहेरून पाहत आलो आहे. तिथे जेवलो मात्र गेल्या महिन्यात, तेही पहिल्यांदाच. या उशिराचे कारण जेवण नव्हते, पाटी होती. पाटी ठळक कानडी अक्षरांत आहे, तिच्यावर मराठी शब्द एकही नाही, आणि कानडी पाटीखाली बसून जेवायचे नाही हा नियम आमच्या कोल्हापूरच्या घरात कोणी कधी बोलून दाखवला नसला तरी सगळ्यांनी तो पाळला होता.

हा नियम कुठून आला हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेले. १९६७ साली महाजन आयोगाने ते तिथेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला शहराचा एक भाग कर्नाटक राज्योत्सव साजरा करतो आणि दुसरा काळा दिन पाळतो. माझी आत्या बेळगावातल्याच शहापुरात राहते आणि तिच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या काकांनी, मोर्च्यांत लाठ्या खाल्लेल्या आहेत. महाराष्ट्राचा दावा मलाही मान्य आहे आणि जेवणाच्या या परीक्षणात तो मागे घेण्याचा माझा विचार नाही. परंतु दाव्याचा राग आपण दुकानदारावर, वाढप्यावर आणि बसच्या वाहकावर किती सहजपणे काढत आलो आहोत, हे मला त्या दुपारी ताटावर बसल्यावर जाणवले, आणि ते सांगितल्याशिवाय या खानावळीविषयी प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

आत शिरण्यात माझा मोठेपणा काही नव्हता. पाऊस कोसळत होता, आईचा गुडघा धरला होता आणि नेहमीची मराठी पाटीची खानावळ आणखी दोन गल्ल्या पुढे होती. दारात उभे राहून मी जाणूनबुजून हिंदीत विचारले, कारण मराठीत विचारले तर तुटक उत्तर मिळेल अशी माझी खात्री होती. गल्ल्यावरच्या साठीच्या गृहस्थांनी माझ्याकडे एकदा, आईच्या लुगड्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “कोल्लापूरचं काय तुमी? मग हिंदी कशाला वो? आईस्नी भिंतीकडंला बसवा, तिकडं गळत न्हाई.” माझ्या खात्रीचा निकाल तिथेच लागला. आत एक बाई “बर्री, कुंदर्री” म्हणत पाट सरकवत होत्या. या आणि बसा, एवढे समजायला कानडी येण्याची गरज पडली नाही.

आता ताटाविषयी. जोंधळ्याची भाकरी इथे खरोखर पाहण्यासारखी असते. स्वयंपाकघर अर्धे उघडे आहे, त्यामुळे भाकरी थापणाऱ्या बाईचे हात दिसतात: डाव्या तळव्याने कड सांभाळायची, उजव्याने थाप द्यायची, आणि तव्यावर टाकल्यावर ओल्या फडक्याने वरून पाण्याचा हात फिरवायचा. आमच्या कोल्हापुरी भाकरीपेक्षा ही बरीच पातळ असते आणि दुमडली तरी तुटत नाही. सोबत येते ती एण्णेगाई, म्हणजे शेंगदाणे, तीळ, कारळे आणि खोबऱ्याचे वाटण भरलेली लहान वांगी. पहिला घास घेऊन आई म्हणाली, “ही आपली भरली वांगीच की.” तिचे म्हणणे तीन चतुर्थांश खरे होते. कारळ्याचा किंचित कडवट वास आणि चिंचेचा पुढे येणारा आंबटपणा आमच्या वांग्यांत नसतो, आणि माझ्या मते त्या एका बाबतीत इथली वांगी सरस आहेत. मुगाची उसळ साधी, पण शिजण्याच्या अचूक टप्प्यावर उतरवलेली होती. कच्ची मेथी, कांद्याची पात आणि काकडी न मागता ताटात पडते. शेंगदाण्याच्या चटणीत दही कालवून भाकरीला लावावे, असे वाढणाऱ्या बाईंनी स्वतः करून दाखवले. झुणका दोन्ही भाषांत झुणकाच आहे, शेंगा शेंगाच आहेत, आणि तुपाला त्या तुप्पा म्हणतात, एवढाच काय तो फरक. (विठोबा कानडा असल्याचा दाखला सीमाभागातल्या प्रत्येक भाषणात दिला जातो आणि भाषण संपल्यावर कोणाचेच मत बदललेले नसते; तुपाचे उदाहरण त्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.)

उणिवाही आहेत. भात जाड, गार आणि एकमेकांना चिकटलेला होता; सांबार पाणचट होते आणि ते केवळ रीत म्हणून वाढले जाते असे दिसते. हात धुण्याच्या जागी साबणाची वडी झिजून नखाएवढी उरली होती. दुपारी एकनंतर गेल्यास अर्धा तास थांबावे लागते, आणि थांबण्यासाठी बाकडे एकच आहे. ताटाचे शंभर रुपये होतात, त्यात भाकऱ्या मागाल तेवढ्या मिळतात. “साकु” हा शब्द मात्र शिकून जावा. तो ठामपणे उच्चारल्याखेरीज वाढणे थांबत नाही.

गर्दी ओसरल्यावर मी मालकांना पाटीविषयी विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की पाटीवर साठ टक्के जागा कानडीला द्यायची हा आता कायदा आहे आणि उरलेल्या जागेत त्यांनी बसवेश्वरांचे चित्र काढून घेतले. कर्नाटकात २०२४ पासून असा कायदा आहे हे मला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र मी कधी लावला नव्हता. ज्या अक्षरांवरून मी या माणसाचे मन वाचत होतो, त्यांना पाटीवरची निम्म्याहून अधिक जागा द्यायला आता सरकारच लावते. २०२२च्या डिसेंबरात सीमावाद चिघळून एस.टी. गाड्या सीमेवर थांबल्या तेव्हा बेळगावात अडकलेल्या कोल्हापूरच्या काही प्रवाशांना जेवू घातल्याचेही त्यांनी सांगितले, पण त्याचे भांडवल केले नाही. त्या दिवशी पीठ कमी पडले, हीच त्यांची मुख्य आठवण होती.

पाटीवरचा ‘लिंगायत’ हा शब्द मला अधिक विचारात पाडतो. लिंगायत खानावळ, मराठा खानावळ, सावजी खानावळ ही नावे आता शाकाहार, मटण किंवा तिखट रश्श्याच्या खुणा म्हणून आपण वाचतो, परंतु कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या पंगतीला बसायचे हा हिशेब त्यांच्या मागे होताच. बाराव्या शतकात जातिभेद झुगारणाऱ्या बसवेश्वरांचे चित्र त्याच पाटीवर असावे, यातली विसंगती मालकांनाही कळत असावी. मी तो विषय काढताच ते हसले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. कोल्हापूरकराने अर्थात इतरांना शिकवू नये. गंगाराम कांबळे यांनी आमच्या शहरात चहाचे हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक येईना, म्हणून शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावत. अढी मोडायला महाराजांना भाषण पुरेसे वाटले नाही, कपच पुढे करावा लागला.

मालकही संत नाहीत, हेही नोंदवतो. ताटे विसळणारा मुलगा ओडिशाचा आहे आणि त्याच्याविषयी ते, तो ऐकत असताना, “ही लोकं अशीच” या सुरात बोलले. वीस वर्षे मी त्यांच्याविषयी नेमका हाच सूर लावत होतो, म्हणून मला तो लगेच ओळखू आला. मी काही बोललो नाही. आई बोलली: “पोरगं सकाळधरनं वाकलंय, त्याला आधी जेवू घाला.” मालक ओशाळले की रागावले ते कळले नाही, पण मुलाचे ताट आमच्यासमोर वाढले गेले.

निघताना कडक भाकरीचे एक पाकीट आणि कारळ्याची चटणी घेतली. संध्याकाळी शहापुरात काकांच्या पुढ्यात ठेवली तेव्हा कुठून आणली हे सांगायला मी कचरत होतो. काकांनी पाकीट उलटे करून त्यावरची बारीक कानडी अक्षरे चष्मा न लावता झरझर वाचली, महिनाभर टिकते म्हणून सांगितले, एक भाकरी मोडून चटणीशी खाल्ली आणि विचारले, “वांगी होती का आज तिथं?”