मीटरने १२.८ दाखवलं आणि मी फसलो

तीस वर्षं भोसरीत पॅनेल वायरिंगमध्ये काढली, त्यामुळे व्होल्ट-अँपिअरच्या बाबतीत मला कोणी गंडवेल असं वाटलं नव्हतं. नेमका त्याच गुर्मीत फसलो.

माझ्या साडूची मांडव्याला एक बोट आहे. सेकंडहँड, ३६ फुटी, एका इंजिनाची. एकाच इंजिनाची बोट धक्क्याला लावायची म्हणजे वारा आणि भरती-ओहोटी सांभाळत करायची कसरत, म्हणून तिला बो थ्रस्टर बसवलेला आहे. बोटीच्या नाकात पाण्याखाली एक आडवा बोगदा, त्यात विजेवर फिरणारा छोटा पंखा. कळ डावीकडे दाबली की नाक डावीकडे. पंखा छोटा, पण भूक राक्षसी! चार किलोवॅटची मोटर १२ व्होल्टवर साडेतीनशे-चारशे अँपिअर खाते. सलग दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवायचीही नसते. म्हणजे काम थोडं, पण मागणी एकदम. त्याच्या दोन बॅटऱ्या पुढच्याच कप्प्यात ठेवतात, कारण एवढा करंट मागून पुढे आणायचा तर वायरीतच व्होल्ट मरतात.

दिवाळीच्या आधी साडूचा फोन आला. "साडूभाऊ, थ्रस्टरच्या बॅटऱ्या गेल्या. तुम्ही पुण्यात आहात, तुम्हाला यातलं कळतं. तेवढ्या बघा."

कळतं म्हटल्यावर मी उठलो आणि नाना पेठेत गेलो. पहिल्या दुकानात इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी दाखवली. ती मी हातानेच बाजूला केली. तिच्या जाड प्लेटा थोडा थोडा करंट तासन् तास देण्यासाठी असतात, एका दमात चारशे मागितले की तिचा धीर सुटतो. इथे स्टार्टरसारखी तडफ हवी. मी १०० अँपिअर-अवरच्या दोन एजीएम शोधत होतो, म्हणजे आतलं अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं त्या सीलबंद बॅटऱ्या. भाव निघाला साडेतेरा हजाराला एक.

मग कोणीतरी आतल्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं. नाव लिहीत नाही. तिथे तोच माल साडेसात हजाराला! "कंपनीचा सरप्लस आहे काका, प्रोजेक्ट कॅन्सल झाला." काळ्या कुळकुळीत, वर चकचकीत स्टिकर, कोपऱ्यात महिना-वर्षाचा शिक्का. मी पिशवीतून माझं मीटर काढलं. त्याने अडवलं तर नाहीच, उलट खुर्ची सरकवून दिली. "चेक करा की, समाधान झालं पाहिजे." दोन्हींवर १२.८ व्होल्ट. भरलेल्या नव्या एजीएमला जेवढे असावेत तेवढेच. मला मोजू दिलं, तिथेच माझा विश्वास बसला.

बिलाचं विचारलं तर म्हणाला, पक्कं हवं तर जीएसटी लागेल. मी कच्चं घेतलं. कागदावर लिहिलं होतं, "बॅटरी २ नग, १५,०००". ना सिरीयल नंबर, ना शिक्का. ही माझी दुसरी चूक. खरं तर तीच जास्त महागात पडली.

बॅटऱ्या गाडीत घालून खोपोली-पेणमार्गे नेल्या, वायरीच्या टोकाचे लग मीच बॅटरीला आवळून दिले. उभ्या उभ्या कळ दाबली, पंखा घुरघुरला, सगळे खूश. पुढच्या रविवारी साडू पाहुण्यांना घेऊन परतत होता. ओहोटी, बाजूचा वारा. धक्क्यापाशी कळ दाबली. दोन सेकंद घर्रर्र, मग नुसतीच रिलेची, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचची, टकटक. व्होल्टेज इतकं कोसळत होतं की रिलेलाच धरून राहता येईना. नाक वळलं ते थेट धक्क्यावर. बोटीला टांगलेला फेंडर, म्हणजे धक्का झेलणारा फुगा, मध्ये होता म्हणून खरवडण्यावर भागलं. साडू मला काही बोलला नाही. मेहुणी बोलली.

बॅटऱ्या परत पुण्याला आणल्या आणि ओळखीच्या बॅटरीवाल्याकडे टाकल्या. त्याच्याकडे मोठा लोड टेस्टर आहे. तीनशे अँपिअर पंधरा सेकंद ओढायचे, व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे. आमच्या पाच सेकंदांतच सहाच्या आसपास आल्या. अंतर्गत रोध नवीनला साधारण पाच मिलिओम असतो, इथे बावीस. दोन बॅटऱ्या जोडीने चारशे देतात, म्हणजे एकीला दोनशे. दोनशे गुणिले बावीस मिलिओम, की झाले ४.४ व्होल्ट आतल्या आतच स्वाहा. नुसत्या मीटरला हे दिसत नाही, कारण मीटर करंट मागतच नाही. टाकी काठोकाठ भरलेली, पण पाइप इतका गंजलेला की नळाला चूळ भरण्यापुरतंच पाणी यावं, तसा प्रकार.

मग त्याने बॅटरी आडवी केली आणि हसला. बुडाशी पांढऱ्या मार्करने लिहिलेलं, जवळजवळ पुसलेलं "१७". दुसरीवर "३१". टर्मिनल पॉलिश पेपरने घासून चमकवलेलं, पण तिरक्या उजेडात वॉशरची गोल खूण स्पष्ट दिसत होती. नव्या बॅटरीला बोल्टची खूण कशी असेल? स्टिकरची कड नखाने उचलली तर खाली जुन्या स्टिकरच्या गोंदाचा चौकोन. कुठल्या तरी ऑफिसच्या यूपीएसमधला माल. तिथे चार-पाच वर्षांनी अख्खी बँक, म्हणजे बॅटऱ्यांचा पूर्ण संच, बदलतात. २०२२ च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हव्यात. या वाटेतच उतरल्या, आंघोळ करून नवीन कपडे घालून माझ्याकडे आल्या. जात चांगलीच होती, वय उलटलेलं होतं.

त्या दुकानात गेलो. शांतपणे म्हणाला, "बोटीवर खारा वारा लागतो काका, वॉरंटी नाही. आणि मीटर तुमचंच होतं ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. त्यांनी बिल आणि सिरीयल नंबर विचारला. मी तो चिठोरा हातात धरून गप्प बसलो.

शेवटी साडेतेरा हजारवाल्याच घेतल्या, पैसे माझ्या खिशातून. पक्कं बिल, दोन्ही सिरीयल नंबर बिलावर, वॉरंटी कार्डावर शिक्का, आणि पैसे देण्याआधी माझ्यासमोर लोड टेस्ट. तीनशे अँपिअरला १०.९ वर थांबल्या. जुन्या दोन्ही किलोच्या भावाने त्यांनाच दिल्या.

ते वजन करत होते तेव्हा माझी नजर सारखी त्या आकड्यांवर जात होती. नंबर १७ आणि नंबर ३१. म्हणजे बँकेत निदान ३१ तरी होत्या. दोन माझ्या गळ्यात पडल्या. बाकीच्या पुण्यात कुठे कुठे बसल्या असतील? कोणाच्या लिफ्टच्या बॅकअपला, कोणाच्या दवाखान्यातल्या इन्व्हर्टरला, आणि मीटर लावला तर अजूनही १२.८ दाखवत असतील.