५० एमएम एफ/१.८ लेन्स : शिकायला एक नंबर, पण नुसत्या ब्लरसाठी घेणार असाल तर थांबा

फोटोग्राफी नुकतीच शिकायला लागलेय, क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे, आणि किट लेन्सनंतरची (कॅमेऱ्यासोबत येते ती) पहिली लेन्स म्हणून ही ५० एमएमची, झूम नसलेली लेन्स घेतली. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं. कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांकडे ५० ची एफ/१.८ मिळते आणि ज्याच्या त्याच्या यादीत ती स्वस्तातल्या लेन्समध्येच असते, त्यामुळे एका कंपनीची वकिली करत नाहीये, एकूण या प्रकाराबद्दल लिहितेय. जाणकारांनी कुठे चुकतंय ते बिनधास्त सांगा.

आधी जे सगळ्यांना हवं असतं ते. हो, बॅकग्राउंड मस्त ब्लर होतं. पण मला त्याहून जास्त आवडला तो उजेड. किट लेन्स ५० पर्यंत झूम केली की साधारण एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही, आणि ही १.८ ला जवळपास दहापट उजेड आत घेते. म्हणजे संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० करून फोटोत नुसते दाणे दाणे यायचे तिथे ६४० मध्ये काम भागतं, शटर स्पीड तोच ठेवून. एक्स्पोजर ट्रँगल (लेन्सचं उघडणं, शटर स्पीड आणि आयएसओ यांचं गणित) वगैरे व्हिडिओत पाहून डोक्यात शिरत नव्हतं ते असं हातात आल्यावर शिरलं.

आता खरी गंमत. १.८ ला एक मीटरवरून कोणाचा चेहरा काढला तर फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो (क्रॉप सेन्सरवर). जवळचा डोळा असा शार्प की पापण्या मोजून घ्या, आणि चेहरा जरासा वळलेला असला की दुसरा डोळा गेला, कान तर वाफ धरलेल्या काचेतून दिसावा तसा. मी असे बरेच फोटो लोकांना दाखवले, सगळे आपले मस्त, वॉव, प्रो झालीस की. एकाच दादाने विचारलं, फोकस पॉइंट तू निवडला होतास की कॅमेऱ्याने? बास, त्या एका प्रश्नात सगळं आलं. ऑटोवर सोडलं की कॅमेरा बऱ्याचदा जवळ जे असेल ते धरतो, आणि चेहऱ्यात सगळ्यात जवळ असतं नाक! तेव्हापासून सिंगल पॉइंट, तो डोळ्यावर, आणि फोकस लॉक करून फ्रेम हलवायची नाही, पॉइंटच सरकवायचा, कारण पट्टा इतका बारीक असतो की मान जरा पुढेमागे झाली तरी फोकस निसटतो. एफ/४ ला तोच पट्टा सहा सेंटिमीटरच्या आसपास जातो, बराच श्वास घेता येतो, आणि अशा लेन्स पूर्ण उघड्यापेक्षा दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) बंद केल्यावर शार्पही जास्त असतात.

झूम नाही म्हणून सुरुवातीला चिडचिड होते, मला तर जाम झाली. पण शिकणाऱ्याला तेच बरं आहे असं आता वाटतं, एक गोष्ट कमी होते फिरवायची. पुढे जा, मागे या, खाली बसा. आणि चालल्यावरच कळतं की चेहरा कसा दिसतो ते तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरतं, अगदी जवळ जाऊन काढलं की नाक मोठं येणारच, लेन्स कुठलीही असो.

तोटे आहेतच. क्रॉप सेन्सरवाल्या कॅमेऱ्यावर ही फुल फ्रेमवरच्या ७५-८० एमएमसारखी वागते, म्हणजे फ्रेममध्ये कमी मावतं, त्यामुळे छोट्या खोलीत चार जणांचा ग्रुप घ्यायचा तर तुमची पाठ भिंतीला लागते तरी कोणाचा तरी खांदा कापला जातोच. ज्यांना मुख्यतः घरातलेच फोटो काढायचेत त्यांनी ३५ ची एफ/१.८ बघावी. शिवाय यातल्या बहुतेक लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) नसतं, म्हणून शटर स्पीड १/८० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका, मी १/१२५ धरून चालते, आणि लहान मुलं असतील तर १/२५० तरी हवंच, ती कुठे एका जागी बसतात. फुलाचा, अंगठीचा अगदी क्लोजअप होणार नाही, ३५-४५ सेंटिमीटरच्या आत बहुतेक फोकसच होत नाही.

घेताना एक बघा. निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीत फोकस मोटर नसते, जुन्या ‘डी’ प्रकारची ५० लावलीत तर ऑटोफोकस चालणार नाही, ‘जी’ म्हणजे एएफ-एस घ्या. कॅननमध्ये जुन्यापेक्षा २०१५ ची एसटीएम घ्या, तिची फोकस मोटर शांत आहे आणि जवळूनही फोकस होतं. सेकंडहँड असेल तर मोबाइलचा टॉर्च लेन्समधून मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघायचं.

फोटो दाखवून खरा फीडबॅक हवा असेल तर एक प्रयोग नक्की करा. टेबलावर एक बाटली, मागे लांब एखादं झाड किंवा खिडकी, कॅमेरा न हलवता १.८, २.८, ४, ५.६, ८ असे फोटो काढा आणि आकडे न सांगता दाखवा. कसा आलाय असं विचारू नका, कोणीही छानच म्हणतो, त्यापेक्षा आधी नजर कुठे गेली ते विचारा. मला वाटलं होतं १.८ जिंकणार, बहुतेकांनी ४ उचलला, कारण मागे झाड आहे हे निदान कळत होतं. आणि जाणकाराला दाखवताना सेटिंग्ज आणि न कापलेला मूळ फोटो सोबत द्या, नाहीतर तो बिचारा अंदाजच बांधणार.

माझ्याकडून पाचात चार. एक अर्धा ग्रुप फोटोसाठी कापला, अर्धा स्टॅबिलायझेशनसाठी.

आता माझं अडलेलं, यात लेन्सचा काही दोष नाही. खिडकीकडे पाठ करून माणूस बसला की चेहरा काळा येतो, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायचं सेटिंग) +१ केलं की चेहरा सुटतो पण खिडकी पांढरीफटक. फ्लॅश नकोय. समोरून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून बघितला, फरक पडतो, पण तो धरायला दरवेळी माणूस कुठून आणायचा? तुम्ही काय करता?