शेवटच्या आजारात घरी येणारी पॅलिएटिव्ह नर्स: पाचपैकी चार तारे

आई किंवा वडिलांचा आजार आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून झालेलं असतं. त्यानंतर घरी येणारी पॅलिएटिव्ह नर्स, म्हणजे आजार बरा करायला नव्हे तर त्रास कमी करायला येणारी नर्स, ही सेवा घ्यावी का? घ्यावी. पण पहिल्याच भेटीत ती पारखून घ्यावी.

चांगली सिस्टर आल्याआल्या बीपीचं मशीन काढत नाही. रात्री झोप किती लागली, शौचाला शेवटचं कधी झालं, दुखणं दहापैकी किती, हे ती आधी विचारते. आजाराबद्दल पेशंटला काय ठाऊक आहे आणि काय लपवलंय, हेही विचारते, पण खोलीबाहेर येऊन. एवढं बोलायला तासभर लागतोच. वीस मिनिटांत निघाली तर ड्यूटी उरकली असं समजा.

या सेवेचं खरं काम वेदनेवर. मॉर्फिन, म्हणजे अफूपासूनचं तीव्र वेदनाशामक, म्हटलं की घरचे दचकतात आणि 'अगदीच सहन होईना की देऊ' म्हणून बाटली कपाटात ठेवतात. तिथेच चुकतं. तोंडाने घ्यायचं साधं मॉर्फिन सहसा दर चार तासांनी, घड्याळ लावून द्यायचं असतं. कळ परत यायची वाट बघायची नाही, हा आग्रह सिसिली सॉन्डर्स यांचा. त्या आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. मधेच कळ आली तर जादा डोस, साधारण दिवसाच्या मात्रेचा सहावा भाग. म्हणजे दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर १०. आकडा अर्थात डॉक्टरांनी लिहून दिलेलाच पाळायचा. सिस्टर वही घालून देते: वेळ, मात्रा, आधीचं दुखणं, तासाभरानंतरचं दुखणं. जादा डोस वारंवार लागतोय हे वहीत दिसलं की ती डॉक्टरांना कळवून रोजची मात्रा वाढवून घेते.

पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनबरोबर त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता ओसरत नाही. लघवी कमी होऊन हातापायांना बारीक झटके येऊ लागले तर औषध शरीरात साठत असू शकतं, त्याच दिवशी फोन करायचा. फेन्टानिलचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची वेदनाशामक पट्टी, बहुधा ७२ तासांनी बदलतात. लावल्यावर असर यायला बारा तास किंवा जास्तही लागतात, म्हणून आधीचं औषध लगेच बंद करू नये. त्यावर गरम पाण्याची पिशवी तर कधीच नको, उष्णतेने औषध भराभर अंगात जातं.

कूस बदलायला शिकवताना सिस्टरचा हात बघण्यासारखा असतो. घडी केलेली चादर खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालायची, दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलायची. ओढायची नाही, ओढलं की कातडी सोलवटते. पाठीमागे उशी लावून अंग ३० अंशांत कलतं ठेवायचं. दुसरी उशी टाचेखाली नव्हे, पोटरीखाली. मग ती मुलाला म्हणते, "दादा, टाचेखालून हा कागद सरकवून बघा." कागद अडला तर उशी चुकली.

तळमळ सुरू झाली की घाईतली नर्स झोपेचं इंजेक्शन मागते. जाणती आधी ओटीपोटावर हात ठेवते, कारण पुष्कळदा लघवी तुंबलेली असते.

शेवटच्या दिवसांत काय होणार ते ती आधीच सांगते, आणि करुणा म्हणतात ती इथे दिसते. भूक जाते ती शरीर मिटत चाललंय म्हणून. बळेच भरवलेला चमचा फुप्फुसात जाऊ शकतो. त्यापेक्षा ओल्या बोळ्याने तोंड पुसावं. घशातली घरघर म्हणजे गिळता न आलेली लाळ. ऐकणाऱ्याला तिचा जितका त्रास होतो तितका बहुधा पेशंटला होत नाही. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच ठेवावं, नळी खोल घालून लाळ ओढत बसू नये. श्वास मधेच अर्धा मिनिट थांबतो, परत सुरू होतो. हे आधी कानावर असलं की घरचे घाबरून धावपळ करत नाहीत, हात धरून बसतात.

एक तारा कापला तो रात्रीसाठी. कागदावर 'चोवीस तास', आणि दोन वाजता फोन उचलणाऱ्याला पेशंटचं नावही ठाऊक नसतं. 'हॉस्पिटलला न्या' एवढंच उत्तर, आणि घरीच राहायचं ठरवलेला माणूस इमर्जन्सीत पोचतो. सेवा ठरवतानाच विचारा: रात्री फोन कोण घेतं, त्याच्यासमोर फाइल असते का, तातडीची औषधं मात्रेची चिठ्ठी लावून घरात ठेवतात का, मृत्यूचा दाखला कोण देतं. नर्स बदलली तर नवी नर्स आधीची वही वाचून येते का, हेही. नाहीतर दर आठवड्याला तीच कहाणी घरच्यांनी पहिल्यापासून सांगायची.

माणूस गेल्यावरही तासभराचं काम उरतं. सिस्टर पॅच आणि कॅथेटर (लघवीची नळी) काढते, उरलेलं मॉर्फिन घरच्यांसमोर मोजून वहीत लिहिते आणि परत करायचं कुठे ते सांगते. काही सेवांमध्ये तीच नर्स पंधरा दिवसांनी फोन करते. काहींकडून फक्त बिल येतं.