आठ शनिवार आणि एक बर्फाचा खडा: नाशिकमधल्या प्रसूतीपूर्व वर्गाचा अनुभव

पहिल्याच शनिवारी वर्ग घेणाऱ्या ताईंनी आम्हा सहाही जणींच्या तळहातावर बर्फाचा एकेक खडा ठेवला आणि मूठ मिटायला सांगितली. मोबाइलवर एक मिनिट लावलं. वीस सेकंदांत माझे खांदे कानांपर्यंत चढले, दात आवळले गेले, आणि चाळिसाव्या सेकंदाला मी खडा ताटलीत टाकून दिला. मग त्यांनी एवढंच सांगितलं: श्वास नाकातून घ्या, तोंडाने सावकाश सोडा, सोडताना जबडा सैल राहू द्या. दुसरा खडा पहिल्याइतकाच गार होता, पण या वेळी मिनिट पूर्ण झालं. "कळ साधारण एवढीच असते," ताई म्हणाल्या, "आणि दोन कळांच्या मध्ये काहीच दुखत नाही. ती विश्रांती घ्यायला शिकायचं."

त्या मधल्या विश्रांतीबद्दल मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. घरीदारी ऐकलेल्या बाळंतपणाच्या सगळ्या गोष्टींत नुसत्या कळाच होत्या.

वर्ग कॉलेज रोडच्या बाजूला, एका बंगल्याच्या तळमजल्यावर भरतो. घेणाऱ्या ताई फिजिओथेरपिस्ट आहेत. आठ शनिवार, दुपारी 4 ते 6, फी नवरा-बायको दोघांची मिळून 7,200 रुपये. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, दिवसभर उभी असते, त्यामुळे सत्ताविसाव्या आठवड्यात कंबर बोलायला लागली होती. खरं तर कंबरेसाठी म्हणूनच गेले. औषधाशिवाय बाळंत व्हायचं हे तिथे गेल्यावर, तिसऱ्या-चौथ्या शनिवारी ठरलं.

व्यायाम नेमके आणि थोडे आहेत. मलासन (उकिडवं बसणं), बद्धकोनासन (तळपाय जुळवून बसणं), रांगत्या स्थितीत पाठ वर-खाली करणं, आणि मांडी पसरून जातं ओढल्यासारखं अंग फिरवणं. मोठ्या चेंडूवर बसून कंबर गोल फिरवायची. चेंडू आधी घेऊ नका, ताई उंची बघून सांगतात. बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा थोडे खाली राहिले पाहिजेत. मला, पाच फूट चार इंचांना, 65 सेंटीमीटरचा बरोबर बसला; माझ्या शेजारच्या बुटक्या मैत्रिणीला 55 चा. एक गोष्ट मात्र मला चकित करून गेली. बाळ वरून कटीत, म्हणजे कंबरेखालच्या हाडांच्या कड्यात, उतरताना गुडघे बाहेर फाकलेले बरे, पण शेवटी बाहेर येताना गुडघे आत आणि टाचा बाहेर घेतल्या तर खालची वाट जास्त उघडते. ताईंनी प्लास्टिकच्या कटीच्या सांगाड्यातून बाहुली फिरवून दाखवली. बाळाचं डोकं वळत वळत कसं येतं ते कळलं, आणि उताणं झोपल्यावर माकडहाडाला मागे सरकायला जागा का मिळत नाही तेही.

चौतिसाव्या आठवड्यानंतर करायचा योनीमार्गाच्या खालच्या भागाचा मसाज त्यांनी कसलाही संकोच न करता, चित्र काढून समजावला. पहिलटकरणीला त्याने बाळ बाहेर येताना तिथे छेद घ्यावा लागण्याची शक्यता कमी होते. हे आपल्याकडे कोण सांगतं? आई नाही, सासूबाई नाहीत, आणि दवाखान्यातल्या पाच मिनिटांत विचारायला आपलीही जीभ रेटत नाही.

थोडा इतिहासही झाला. भीतीने अंग ताठरतं, ताठरल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते, हे ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरने 1930 च्या दशकात मांडलं. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लामाझ यांनी 1951 मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेली श्वासाची पद्धत पॅरिसला नेली. पण ताईंचा भर आपल्या भ्रामरीवर, म्हणजे हुंकार भरत श्वास सोडण्याच्या प्राणायामावर होता. बारीक किंचाळी घशातून निघते आणि सगळं अंग आवळतं. खर्जातला हुंकार पोटातून निघतो आणि तोंड, मान, खालचा भाग सगळं सैल पडतं. आम्ही सहा जोडपी डोळे मिटून हुंकार भरत होतो तेव्हा वरच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागायचा.

पाचवा शनिवार सोबतीचा. आई तेव्हा निफाडहून आली होती, तीही बसली. आदल्या दिवशीच म्हणाली होती, "बाळंतपण काय शिकायची गोष्ट आहे का गं?" त्या दिवशी नवऱ्यांना कळ आली की दोन्ही तळहातांनी बायकोचे कुल्ले बाजूंनी आत आणि थोडे वर कसे दाबायचे ते शिकवलं. मग आम्हाला दाराची चौकट धरून, गुडघे वाकवून झुलायला सांगितलं. आई एकदम म्हणाली, "तुझ्या आजीला सुईणीने असंच चौकटीला उभं केलं होतं." त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी मला आठवण करायची, "चेंडूवर बसलीस का?"

माझ्या मते या वर्गातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सहाव्या शनिवारी मिळालेला प्रश्नांचा कागद. कळा सुरू झाल्यावर चालू-फिरू द्याल का? पाणी, पेज चालेल का? सोबत नवरा चालेल का? झोपूनच जोर लावायला सांगाल का? छेद सरसकट घेता का? बाळाची नाळ किती वेळाने कापता? ताईंनी प्रत्येक प्रश्नामागे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी काय म्हणतात ते सांगितलं. सोबतीला आपल्या पसंतीचं माणूस असावं. जोखीम नसेल तर खाणंपिणं आणि हालचाल बंद करू नये. छेद सरसकट घेऊ नये. नाळ निदान एक मिनिट तरी कापू नये. गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडेपर्यंत वेग कमी असू शकतो, तेवढ्यावरून घाई करायची नसते. हे प्रश्न भांडायला नाहीत, बत्तिसाव्या आठवड्यात शांतपणे विचारून फाइलवर लिहून घ्यायला आहेत, हे त्यांनी तीनदा बजावलं. आमच्या रुग्णालयात कळांच्या खोलीत फक्त बाईमाणूस सोडतात असं तेव्हाच कळलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि "पती सोबत राहतील" असं फाइलवर लिहून दिलं. ती एक ओळ नसती तर नवरा बाहेरच्या बाकावर बसला असता.

एकोणचाळीस आठवडे आणि चार दिवसांनी, रात्री अकराच्या सुमारास मला कळा सुरू झाल्या. शिकवल्याप्रमाणे दिवे मालवले, कढत पाण्याने कंबर शेकली, मऊ भात-तूप खाल्लं. साडेतीनला दहा मिनिटांत तीन कळा येऊ लागल्या तेव्हा निघालो. तपासलं तर तोंड सहा सेंटीमीटर उघडलं होतं. ऐकलं तेव्हा मला रडू आलं, आनंदाने. पुढचे सहा तास सोपे नव्हते. आठ सेंटीमीटरच्या आसपास मी नवऱ्याला म्हणाले, आता नाही जमत, सुई द्यायला सांग. त्याला वर्गात सांगितलं होतं की हे वाक्य बहुतेक जणी नेमक्या याच टप्प्यावर म्हणतात. त्याने कुल्ले दाबले आणि कानाशी हुंकार भरत राहिला. एका सिस्टरांनी पाठीवर झोपायचा हट्ट धरला. त्याने हात जोडून फाइल दाखवली, डॉक्टरांनी डाव्या कुशीवर राहू दिलं. अधूनमधून छोट्या यंत्राने बाळाचे ठोके ऐकत होते, मला बांधून ठेवलं नाही. सकाळी 10:40 ला मुलगी झाली, 3.1 किलोची. ती माझ्या छातीवर होती आणि नाळ अजून धडधडत होती.

वार पडण्याआधी रक्तस्राव रोखायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन मी घेतलं, दोन टाक्यांसाठी जागा बधिरही करून घेतली. ताईंनी आधीच सांगितलं होतं की ते इंजेक्शन आईचा जीव वाचवतं, "नैसर्गिक" म्हणून त्याला नाही म्हणू नका.

आता तक्रार, आणि ती मला मनापासून करायची आहे. आठ शनिवारांत सीझरला मिळाली जेमतेम पंधरा मिनिटं, एपिड्युरलला (कळा जाणवू नयेत म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) त्याहून कमी, तीही "शक्यतो टाळा" अशा सुरात. आमच्या सहा जणींपैकी एकीचं बाळ सदतिसाव्या आठवड्यातही पायाळू होतं. तिचं सीझर झालं, बाळ छान आहे. पण ती मला महिनाभर फोनवर सांगत होती, "मी नापास झाले गं." तिने रोजचे व्यायाम माझ्यापेक्षा नेमाने केले होते. तिला सीझरनंतर बाळ छातीशी कसं धरायचं, टाके सांभाळून कुशीवर कसं वळायचं, पहिलं दूध कसं पाजायचं हे कोणी शिकवलं नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधली 47 टक्क्यांहून जास्त बाळंतपणं सीझरने झालेली दिसतात. त्यातली किती खरोखर गरजेची होती हा वेगळा प्रश्न आहे, पण वर्गातल्या सहापैकी दोघी-तिघींवर ती वेळ येणार हे धरूनच शिकवायला हवं. एक पूर्ण शनिवार त्याला द्या, असं मी ताईंना लेखी कळवलं आहे. त्यांनी पुढच्या तुकडीपासून आमच्या त्या मैत्रिणीलाच बोलवायचं ठरवलंय आणि ती हो म्हणाली आहे.

बाकी किरकोळ: बाळाला ऐकवायच्या संगीतावर गेलेला तास मला नको होता. पार्किंग नाही, रिक्षाने जा. संडास भारतीय पद्धतीचा आहे, नवव्या महिन्यात धरायला दांडी हवी. तुकडीत सहाच जोडपी घेतात, त्यामुळे पाचवा महिना लागला की नाव नोंदवा, आणि जाण्यापूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तदाब वाढलेला असेल किंवा वार खाली असेल तर यातले काही व्यायाम चालत नाहीत. चेंडू मी धुऊन ठेवला आहे, 65 सेंटीमीटरचा. गंगापूर रोडच्या बाजूला कोणाला हवा असेल तर घेऊन जा.