केसीनच्या डब्यात केसीनच नव्हतं

प्रोटीन पावडर घेणाऱ्या, त्यातही रात्रपाळीत पोटाला आधार म्हणून ती घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स आहे. आमच्या वॉर्डातल्या काही सिस्टर आणि एक मावशी यांनी वर्गणी काढून एक मोठा डबा घेतला आणि आमची सरळसरळ फसवणूक झाली. ती कशी झाली हे तपशिलात सांगते, कारण या युक्त्या एका दुकानापुरत्या नाहीत.

नाइटला ज्यांनी काम केलंय त्यांना माहीत आहे, नऊला जेवून आलं तरी दोन-अडीचला पोटात खड्डा पडतो. त्या वेळी मिळतं काय, तर बिस्किटाचा पुडा आणि साखरेचा चहा. त्यावर सकाळचा हँडओव्हर होईपर्यंत काढायचं. म्हणून हळू पचणारं प्रोटीन शोधत होतो, आणि त्यात केसीनचं नाव येणं स्वाभाविक होतं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे, म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन. व्हे जठरात विरघळलेलंच राहतं आणि लवकर पुढे सरकतं. केसीनचा जठरातल्या आम्लात घट्ट गोळा होतो आणि तो सावकाश सुटत जातो. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवलं होतं. व्हे घेतल्यावर रक्तातली अमिनो आम्लं (प्रोटीन पचून सुटणारे घटक) झटकन वर गेली आणि उतरली, तर केसीननंतर ती सहा-सात तास थोडी वाढलेली राहिली.

दुकान एका जिमच्या खालीच आहे. दुकानदार बोलायला गोड. "ताई, हे मायसेलर केसीन आहे, बाहेरून येतं. रात्री एक स्कूप घ्या, सकाळपर्यंत भुकेचं नाव नाही. शुगरवाल्यांना तर एकदम बेस्ट." मायसेलर म्हणजे दुधात असतं त्याच मूळ रूपातलं केसीन. दोन किलोच्या डब्याचे साडेपाच हजार. डब्यावर लिहिलेलं, ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन. झाकणावर चमकणारा होलोग्राम, त्याखाली खरवडायचा कोड. त्याने आमच्यासमोरच तो खरवडला, मोबाइलवर क्यूआर स्कॅन केला आणि हिरव्या रंगात 'ओरिजिनल' असं आलेलं दाखवलं. पक्कं बिल मागितलं तर "प्रिंटर बिघडलाय, व्हॉट्सॲपवर टाकतो" म्हणाला आणि कोऱ्या कागदावर रक्कम लिहून शिक्का मारून दिला. ते बिल कधीच आलं नाही.

त्या क्यूआरबद्दल थांबून सांगायलाच हवं. नंतर आम्ही पाहिलं तर तो कोड कंपनीच्या संकेतस्थळावर जात नव्हताच, नावात एक अक्षर जास्त असलेल्या वेगळ्याच पानावर जात होता. तिथे कुठलाही कोड टाका, 'ओरिजिनल' हेच उत्तर. म्हणजे माल खरा आहे की नाही हे तपासायची सोयसुद्धा विकणाऱ्यानेच उभी केलेली. पडताळणी करायची तर कंपनीचा पत्ता स्वतः शोधून करा, डब्यावरच्या कोडवरून कधीही नको.

पावडर लगेच विरघळायची, चवीला छान गोड. पण तासाभरात भूक परत, आणि नेहमीपेक्षा जास्त. आम्हाला वाटलं शरीराला सवय व्हायला वेळ लागत असेल. मग एका रात्री मावशी म्हणाल्या, "सिस्टर, जीभ कोरडी पडाय लागल्या, सारखं पाणी प्यावं वाटतंय." मावशींना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. त्यांची साखर बघितली तर अडीचशेच्या वर. रात्रीचं जेवण भाकरी आणि भाजी, त्यानंतर फक्त हा शेक. पुढच्या नाइटला शेकच्या आधी आणि तासाभराने अशी पुन्हा मोजली, तेव्हा वाढ स्वच्छ दिसली. वॉर्डाच्या डॉक्टरांनी शेक तिथेच बंद करायला लावला. मला संताप आला तो पैशांचा नाही. साखरेच्या रुग्णाला 'एकदम बेस्ट' सांगून हे विकलं, आणि मावशींनी आपल्या पगारातून त्याची वर्गणी भरली होती.

केसीन असेल तर साखर अशी चढायला नको. मग मागचं लेबल नीट पाहिलं. आयातदाराचा पांढरा स्टिकर बरोबर घटकांच्या यादीवरच चिकटवलेला होता. गरम पाण्याच्या कापडाने तो सोडवल्यावर खालचं दिसलं: माल्टोडेक्स्ट्रिन, व्हे पावडर, ग्लायसिन, टॉरिन, स्वाद. केसीनचं नाव यादीत नव्हतंच. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्च तोडून केलेली स्वस्त पावडर. ती साखरेइतकी गोड लागत नाही, पण रक्तातली साखर ग्लुकोजइतक्याच वेगाने वाढवते. हळू पचणारं म्हणून जे विकलं, त्यात सगळ्यात झपाट्याने पचणारी वस्तू पहिल्या क्रमांकावर होती. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचा नियम आहे, त्यामुळे पहिलं नाव कुठलं आहे ते आधी वाचा.

घरी दोन गोष्टी करून पाहता येतात. खरं मायसेलर केसीन थंड पाण्यात सहज मिसळत नाही आणि थोडा वेळ ठेवलं की खिरीसारखं दाट होतं. आमचं पाण्यासारखं पातळच राहिलं. दुसरं, पावडर कोमट पाण्यात कालवून लिंबू पिळा. पनीर करताना दूध फाटतं तसं केसीन असेल तर फाटणार, कारण आम्लता साधारण ४.६ पीएचला आली की केसीन खाली बसतं. व्हे त्या आम्लतेला विरघळलेलंच राहतं. आमच्या ग्लासात काहीही फाटलं नाही. मात्र याच्या उलट धरू नका. साध्या दुधाच्या पावडरीतही केसीन असतं, ती मिसळलेली असेल तर तीही फाटेल. आणि आयोडीनचे थेंब टाकून रंग निळा झाला नाही म्हणजे माल शुद्ध, असं व्हिडिओत दाखवतात त्यावर विसंबू नका. स्टार्चला निळा रंग येतो, माल्टोडेक्स्ट्रिनला बहुधा येत नाही.

आम्ही पुन्हा वर्गणी काढून नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. लेबलप्रमाणे प्रोटीन ७३ टक्क्यांच्या आसपास असायला हवं होतं, अहवालात ३१ टक्के आलं. तेही पूर्ण खरं नाही. नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. ही पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ साली आणली. ग्लायसिन, टॉरिन यांसारख्या स्वस्त वस्तूंमध्येही नायट्रोजन असतो, त्या टाकल्या की प्रोटीनचा आकडा फुगतो. २००८ साली चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन मिसळलं गेलं ते याच पळवाटेतून, आणि त्यात बाळं दगावली. म्हणून चाचणी करायचीच असेल तर अमिनो आम्लांचा पूर्ण तपशील मागा. खर्च जास्त येतो, पण त्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या गटाने भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन उत्पादनं तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत जवळपास ७० टक्के उत्पादनांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. तेव्हा हा प्रकार एखाद्या गल्लीपुरता समजू नका.

दुकानदाराकडे गेलो तर तो आधी हसला, मग "पॅक फोडल्यावर जबाबदारी आमची नाही", मग "तुम्हीच काहीतरी मिसळलं असेल". परत एकही रुपया दिला नाही.

आणखी एक सांगते, कारण खऱ्या डब्यांच्या जाहिरातीतही हे चालतं. हळू पचतं म्हणजे पोट तितके तास भरलेलं वाटतंच, असं सिद्ध झालेलं नाही. काही अभ्यासांत केसीनपेक्षा व्हे घेतल्यावर लोकांनी पुढचं जेवण कमी केलं, काहींत फरकच दिसला नाही. 'सकाळपर्यंत भूक नाही' हे वाक्य कुणी छातीठोकपणे बोललं की तिथेच सावध व्हा. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती मुख्यतः केसीनचीच. मूठभर फुटाण्यांत प्रथिनांबरोबर तंतूही मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र कुठलंही जास्तीचं प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तक्रारीबद्दल. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक असतो, तो प्राधिकरणाच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाकून पाहा. आमच्या डब्यावरचा क्रमांक खरा निघाला, पण तो भलत्याच जिल्ह्यातल्या मसाल्याच्या व्यवसायाचा होता. त्यामुळे क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका, तो कुणाच्या नावावर आहे ते वाचा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकालाही शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो, पण तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. हे आम्हाला कळलं तोवर डबा फुटलेला होता. म्हणून अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर तक्रार केली आणि अधिकाऱ्यांनी दुकानातूनच त्याच बॅचचा सीलबंद नमुना उचलला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, त्याचे कागद आता तयार करतोय.

पक्कं बिल नसताना आमच्या हातात जे आहे ते इतकंच: यूपीआयने पैसे गेल्याची नोंद, दुकानदाराचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सोडवलेला स्टिकर आणि उरलेल्या पावडरीसह डबा. तुमच्याकडे असा डबा असेल तर तो फेकू नका, पावडर दुसऱ्या बरणीत ओतू नका. बॅच क्रमांक, स्टिकर आणि लेबल यांचे फोटो आजच काढून ठेवा, आणि घरात मधुमेहाचं कुणी तो शेक घेत असेल तर त्यांची साखर आधी मोजा.