चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर जेंटू लिनक्स : दोन पावसाळ्यांच्या वापरानंतर

गेले दोन पावसाळे मी बेळगावजवळच्या खानापूरच्या घरी एका जुन्या थिंकपॅड एक्स-२३० वर जेंटू लिनक्स चालवतो आहे. हा लॅपटॉप २०१२ सालचा. त्यात आय-फाइव्ह ३३२०एम प्रोसेसर आहे, म्हणजे दोन कोअर आणि चार थ्रेड, आणि मी तो घेतला तेव्हा रॅम फक्त ४ जीबी होती. जेंटूमध्ये बहुतेक सॉफ्टवेअर मूळ सोर्स कोडच्या रूपात उतरते आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल होऊन, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून, बसते, त्यामुळे इतक्या कमी मेमरीवर ही प्रणाली चालवणे हा निव्वळ हट्ट आहे असे मला अनेकांनी सांगितले. दोन वर्षांच्या वापरानंतर मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहावे म्हणून हे परीक्षण.

बेळगावात टिळकवाडीत मी संध्याकाळी सी-प्लस-प्लसचा एक छोटा वर्ग घेतो. तिथे येणाऱ्या मुलांकडे बहुतांशी दुसऱ्या हाताचे लॅपटॉप असतात. कुणाचा मोठ्या भावाने वापरून दिलेला, कुणाचा पुण्याच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या मालातला, आणि रॅम ४ जीबी, फार तर ८. या मुलांना कंपायलर हे एक तयार आलेले चिन्ह न वाटता तोही कुणीतरी लिहिलेला आणि आपल्याला बांधता येणारा प्रोग्रॅम आहे हे दिसावे, अशी माझी मनापासून इच्छा होती. मुलांना शिकवायचे तर आधी तसल्याच यंत्रावर ते स्वतः करून पाहायला हवे होते.

पहिला प्रयत्न फसला तो एलएलव्हीएमवर, म्हणजे कंपायलर ज्याच्या पायावर उभे राहतात त्या मोठ्या प्रकल्पावर. वर्ग संपल्यावर एक विद्यार्थी थांबला होता आणि आम्ही दोघे पडद्याकडे पाहत होतो. आकडे चढत चढत एका जागी थांबले, माउस हलेना, आणि डिस्कचा हिरवा दिवा जो लागला तो विझेना.

"सर, हँग झालाय. बटण दाबून बंद करू का?"

"थांब. दिवा बघ, डिस्क अजून काम करते आहे. मेमरी संपल्यामुळे यंत्र स्वॅपवर, म्हणजे डिस्कवर राखलेल्या जादा जागेवर, धावते आहे."

दहाएक मिनिटांनी यंत्र भानावर आले आणि पडद्यावर एवढेच उरले की सीसी-वन-प्लस हा कंपायलरचाच प्रोग्रॅम सिग्नलमुळे बंद पडला, 'किल्ड'. नवशिक्याला इथे हमखास वाटते की सोर्स कोडमध्ये चूक आहे किंवा आपला कंपायलर बिघडला आहे. खरे कारण कंपायलर सांगतच नाही. ते कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदीत असते. डीमेसेज ही आज्ञा दिली की 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ दिसते आणि कर्नलने कोणत्या प्रोसेसचा बळी दिला व त्या वेळी तिने किती मेमरी धरली होती तेही तिथे लिहिलेले असते. सी-प्लस-प्लसची एकेक फाइल कंपाइल होताना तिच्यात ओढून घेतलेले सगळे हेडर (सामाईक घोषणांच्या फाइली) आणि त्यांतून उलगडणारी टेम्प्लेट (कोडचे साचे) एकाच वेळी मेमरीत असतात, म्हणून दोनशे ओळींची फाइलसुद्धा शेकडो एमबी खाऊ शकते. अशा चार फाइली एकदम सुरू केल्या की ४ जीबीचे काय होणार, याला वेगळे उत्तर नाही.

इथे जेंटूचा पहिला दोष सांगायला हवा. एका वेळी किती कामे चालवायची हे मेकऑप्ट्स या सेटिंगने ठरते आणि ते आपण लिहिले नाही, तर पोर्टेज हा त्यांचा पॅकेज व्यवस्थापक प्रोसेसरच्या थ्रेडइतकी कामे सुरू करतो. म्हणजे तो थ्रेड मोजतो, मेमरी मोजत नाही. जेंटूचीच हस्तपुस्तिका मात्र दर कामामागे साधारण २ जीबी रॅम धरा आणि थ्रेडची संख्या व हा भागाकार यांपैकी जो आकडा लहान असेल तो घ्या, असा स्वच्छ सल्ला देते. या हिशोबाने माझ्या यंत्राला दोन कामे झेपतात, चार नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा हा सल्ला इतका मोलाचा आहे की तो पुस्तिकेच्या मजकुरात न राहता मूळ सेटिंगमध्येच यायला हवा होता. आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात येत नाही. पॅकेज बसवणाऱ्या इमर्ज या आज्ञेलाही एकाच वेळी किती पॅकेज बांधायची याचा वेगळा आकडा देता येतो आणि हे दोन आकडे एकमेकांना गुणले जातात. दोन पॅकेज आणि प्रत्येकाची दोन कामे म्हणजे पुन्हा चारच.

दोष सांगितला, आता ज्या सोयीसाठी मी जेंटूवर टिकून राहिलो ती सांगतो. पॅकेज डॉट ईएनव्ही या फाइलमध्ये एकेका पॅकेजसाठी वेगळे नियम लिहिता येतात. सगळ्या प्रणालीला एकच माप लावले, तर लहानसहान पॅकेजही विनाकारण रखडतात. इथे तसे करावे लागत नाही. माझ्याकडे सर्वसाधारण आकडा दोन आहे. वेबकिट-जीटीके हे वेबपाने दाखवणारे इंजिन मात्र मेमरीला फार भारी, म्हणून त्याला एकच काम. तसल्याच क्यूटी वेबइंजिनला 'जंबो-बिल्ड' नावाचा यूज फ्लॅग, म्हणजे पॅकेजमधली एखादी सोय चालू-बंद करण्याची खूण, आहे. तो चालू असला की अनेक सोर्स फाइली एकत्र जोडून एकच मोठी फाइल कंपाइल होते. वेळ वाचतो, पण मेमरी जास्त लागते. मोठ्या यंत्रावर तो वरदान आहे, माझ्या यंत्रावर मी तो बंद ठेवला. लिंक-टाइम ऑप्टिमायझेशनचेही तेच, कारण त्यात सगळा प्रोग्रॅम शेवटी एकत्र तपासला जातो आणि मेमरीची मागणी एकदम वर जाते. कुठे पाणी मुरते आहे हे एकदा कळले की तेवढ्याच जागी बांध घालता येतो, आणि ही मुभा इतकी बारकाईने देणारी दुसरी प्रणाली माझ्या वापरात आलेली नाही.

लिंकिंगबद्दल, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करण्याबद्दल, थोडे अधिक लिहितो, कारण कंपाइल सुरळीत होऊनही गाडे अडते ते बहुधा शेवटी, लिंकरपाशी. एलएलव्हीएम जेंटूशिवाय, थेट सोर्सवरून बांधायला घेतले आणि डीबग माहितीसह बांधले, तर शेवटी अनेक अवजारे एकाच वेळी लिंक होऊ लागतात आणि त्यांतले एकेक काम कित्येक जीबी मेमरी मागते. त्यासाठी एलएलव्हीएमच्या सीमेक या बिल्ड-साधनाच्या सेटिंगमध्ये कंपाइलची कामे आणि लिंकची कामे यांचे आकडे वेगवेगळे देण्याची सोय आहे. लिंकचा आकडा एक ठेवावा, बिल्ड 'रिलीज' प्रकारचा घ्यावा, आणि फक्त एक्स-८६ हे एकच लक्ष्य निवडावे. जीएनयूच्या जुन्या लिंकरऐवजी एलएलव्हीएमचा एलएलडी हा लिंकर वापरला तरी फरक पडतो. जेंटूमध्ये हा त्रास पुष्कळ कमी आहे, कारण तिथे एलएलव्हीएम एका सामाईक लायब्ररीच्या रूपात बांधले जाते आणि अवजारे तिलाच जोडली जातात. तोच कोड प्रत्येक अवजारात पुन्हा पुन्हा भरला जात नाही.

दुसरा मोठा आधार झेडरॅमचा. हा जेंटूचा गुण नव्हे. ती लिनक्स कर्नलची सोय आहे आणि २०१४ साली आलेल्या ३.१४ आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून धरायचा आणि तिथे जाणारी मेमरीची पाने आकुंचित करून ठेवायची, अशी ही कल्पना आहे. कंपायलरच्या मेमरीतला मजकूर चांगला आकसतो. मी एका रात्री क्लँग हा एलएलव्हीएमवर उभा असलेला सी-प्लस-प्लसचा कंपायलर बांधला जात असताना झेडरॅमसीटीएल या आज्ञेने पाहिले, तर दीड जीबीच्या आसपासचा मजकूर अर्ध्या जीबीहूनही कमी जागेत बसला होता. डिस्कवरचा स्वॅप मी काढून टाकलेला नाही, फक्त त्याची पाळी नंतर येईल असा प्राधान्यक्रम लावला आहे. याच्या नेमके उलट असा एक सल्ला सर्रास दिला जातो, की पोर्टेजची तात्पुरती जागा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये, ठेवावी. १६ जीबीच्या यंत्राला तो ठीक आहे. ४ जीबीच्या यंत्रावर मात्र आधीच अपुरी असलेली मेमरी कंपाइल होऊन आलेल्या ऑब्जेक्ट फाइलींनी भरून जाते.

आता आमच्या भागातली अडचण. खानापूर तालुका म्हणजे मलप्रभेचे उगमस्थान कणकुंबी ज्या तालुक्यात येते तो. जून ते ऑगस्ट इथला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना विजेबद्दल वेगळे सांगायला नको. लॅपटॉपची बॅटरी जुनी, इन्व्हर्टरवर पंखा आणि दोन दिवे. पाच तास चाललेले काम सहाव्या तासाला वीज जाऊन तुटले, की इमर्जची 'रिझ्यूम' सोय यादीतल्या त्याच पॅकेजपासून सुरुवात करते खरी, पण ते पॅकेज पुन्हा पहिल्या फाइलपासून बांधते. पहिल्या वर्षी जुलैत माझ्यावर ही वेळ तीनदा आली. त्यावर उपाय सीसीकॅशचा. अँड्र्यू ट्रिजेलने सुरू केलेले हे साधन एकदा कंपाइल झालेल्या फाइलचा निकाल जपून ठेवते आणि तीच फाइल, तीच सेटिंग पुन्हा आली की साठ्यातून काढून देते. पोर्टेजच्या फीचर्स या सेटिंगमध्ये ते एका शब्दाने चालू होते. त्यानंतर वीज गेली तरी आधी पार केलेला टप्पा काही मिनिटांत पुन्हा गाठता येतो. फक्त या साठ्यासाठी डिस्कवर काही जीबी जागा राखून ठेवावी लागते, आणि रस्ट भाषेतल्या पॅकेजांना त्याचा उपयोग नाही.

जेंटूने २९ डिसेंबर २०२३ रोजी तयार बायनरी पॅकेजांचा मोठा साठा अधिकृतपणे खुला केला, हा माझ्या मते आमच्यासारख्यांसाठी अलीकडचा सर्वांत उपकारक निर्णय आहे. यामुळे जेंटूचे जेंटूपण गेले असे काहींना वाटते, पण माझा अनुभव तसा नाही. ज्यात मला काही बदलायचे नाही ते तयार घ्यावे आणि जे समजून घ्यायचे आहे तेच बांधावे, ही निवड आता माझ्या हातात आली. रस्टचा कंपायलर, लिबरऑफिस, फायरफॉक्स मी तयार घेतो. एलएलव्हीएम, क्लँग आणि कर्नल स्वतः बांधतो. तयार साठा निवडताना एक खबरदारी घ्यावी. ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांसाठी तो दोन प्रकारांत मिळतो, एक सर्वसाधारण आणि दुसरा 'व्ही-थ्री' नावाचा, ज्याला एव्हीएक्स-टू सूचना समजणारा प्रोसेसर लागतो. एक्स-२३० मधल्या प्रोसेसरला त्या सूचना येत नाहीत. चुकून व्ही-थ्री घेतला तर प्रोग्रॅम सुरू होताच 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणून कोसळतो. जुना लॅपटॉप असेल तर सर्वसाधारण साठाच निवडावा.

याच मार्गाने मी वर्गाचीही सोय लावली. 'बिल्ड-पॅकेज' हे फीचर चालू ठेवले की आपण बांधलेल्या प्रत्येक पॅकेजची बायनरी प्रत बाजूला ठेवली जाते आणि दुसऱ्या यंत्रांना ती जशीच्या तशी देता येते. अट एवढीच की कंपायलरची सेटिंग सगळ्यांत जुन्या प्रोसेसरला मानवेल अशी असावी आणि यूज फ्लॅग जुळावेत. एका यंत्रावर रात्री बांधलेला क्लँग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच मुलांच्या लॅपटॉपवर काही मिनिटांत बसला. त्यांतली एक मुलगी बैलहोंगलची. तिने सगळ्या आज्ञांचे अर्थ वहीत कन्नडमध्ये लिहून घेतले होते आणि शेजारच्या येळ्ळूरच्या मुलाने मराठीत, आणि दोघे एकमेकांच्या वह्या ताडून पाहत होते. भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड या दोन्हींची संक्षिप्त नावे लिहिली, तर फायरफॉक्सचे दोन्ही भाषांचे पॅक एकदमच येतात. हेही त्याच दिवशी केले.

उणिवा अजून आहेत. पहिल्या स्थापनेला सुट्टीचे दोन पूर्ण दिवस लागतात. मोठ्या पॅकेजांसाठी डिस्कवर २०-३० जीबी मोकळी ठेवावी लागते. पंखा तासन्तास जोरात फिरतो, त्यामुळे आधी तो साफ करून प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट बदलून घ्यावी. क्रोमियम हा ब्राउझर या यंत्रावर बांधायला जाऊ नये. क्रोमियमचे निर्मातेच किमान ८ जीबी रॅम सांगतात आणि १६ हून अधिक असावी असे आग्रहाने सुचवतात. ज्याला फक्त लिहिणे-वाचणे करायचे आहे त्याने तयार पॅकेजांचे डेबियन लिनक्स घ्यावे, त्यात काही कमीपणा नाही.

शेवटी रॅम. गेल्या उन्हाळ्यात मी ४ जीबीची पट्टी काढून बाजारातून ८ जीबीची एक वापरलेली डीडीआर-३ पट्टी घेतली. लॅपटॉप छान सुरू झाला, ब्राउझर चालला, सगळे ठीक दिसले. क्लँग बांधायला घेतल्यावर मात्र कंपायलर 'इंटर्नल कंपायलर एरर' देऊन थांबू लागला, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या फाइलवर. चूक सोर्समध्ये असेल तर ती दर वेळी एकाच जागी येते. जागा बदलत असेल तर संशय रॅमवर घ्यावा. रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावला आणि सकाळी पडदा लाल ओळींनी भरलेला होता. दुकानदार पट्टी बदलून द्यायला तयार नव्हते, "लॅपटॉप चालू होतोय ना, मग पट्टी चांगली आहे" एवढेच त्यांचे म्हणणे. मी लॅपटॉप घेऊन जाऊन त्यांच्याच टेबलावर मेमटेस्ट चालवून दाखवला, तेव्हा पाचव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली आणि त्यांनी दुसरी पट्टी काढून दिली. ती मात्र तिथेच पूर्ण तपासून घेतली. आता एकाच वेळी चार कामे चालतात, आणि एलएलव्हीएम व क्लँग मिळून पूर्वी जे सात तास घेत ते साडेपाच तासांत होतात. वेबकिटचा आकडा एकवरून दोन केला आहे.